वाचकांचे प्रश्न : युवक केंद्राचे कार्यकर्ते कसे तयार करावेत?

मागील अंकात गावोगावी कुलूपबंद पडलेल्या समाजमंदिरांमध्ये युवक केंद्रे सुरू करण्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जागेविषयी किंवा निधीविषयी नसून माणसांविषयी आहेत, हे पाहून बरे वाटले. कॅरम बोर्ड आणि चेंडू देणगीत मिळतात; पण दररोज साडेचार वाजता न चुकता कुलूप उघडणारा आणि त्यानंतरच्या तीन तासांचे काय करायचे हे ठाऊक असलेला माणूस मिळत नाही, तो घडवावा लागतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : ग्रामपंचायतीने आमच्या मंडळाला समाजमंदिराची वरची खोली आणि मागील मोकळे मैदान दिले आहे. १२ ते २० वर्षांच्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे केंद्र चालवायचे आहे. मानधनावर तीन कार्यकर्ते घेतले आहेत : एक बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेला तरुण, एक एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली तरुणी आणि बारावीपर्यंत शिकलेला, गावच्या संघातून कबड्डी खेळणारा एक मुलगा. त्यांच्यासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवण्याचा विचार आहे. विषय कोणते घ्यावेत आणि वक्ते म्हणून कोणाला बोलवावे? (एका मंडळाचे चिटणीस, जि. सांगली)

उत्तर : वक्त्यांची यादी तूर्त बाजूला ठेवावी, अशी आपल्याला विनंती आहे. नेतृत्वविकास, संवादकौशल्य, ताणतणावाचे व्यवस्थापन अशा विषयांवर तास-तासाची व्याख्याने, दुपारी जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र वाटप, या साच्यातील शिबिरे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि सुरुवातीच्या काळात स्वतः भरवलीही आहेत. त्यांतून बाहेर पडलेला कार्यकर्ता सोमवारी चौतीस मुलांसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात फक्त शिट्टी असते. प्रशिक्षणाची दोन दिवसांची शिदोरी बांधून देण्याऐवजी केंद्र उघडण्यापूर्वी पाच दिवस आणि उघडल्यानंतर तीन महिने दर आठवड्याला अर्धा दिवस अशी विभागणी केली, तर पैसे तेवढेच लागतात आणि उपयोग कितीतरी अधिक होतो.

पहिल्या पाच दिवसांतील दोन संध्याकाळी कार्यकर्त्यांना काहीही शिकवू नये. त्यांना गावात पाठवावे. साडेचार ते आठ या वेळात कोणत्या वयाची मुले कोठे असतात, पारावर कोण बसते, टपरीपाशी कोण रेंगाळते, दूध घालायला डेअरीवर कोण जाते, मुली कोणत्या वेळी आणि कोणत्या निमित्ताने घराबाहेर दिसतात, हे त्यांनी वहीत टिपून आणावे. कबड्डी खेळणारा मुलगा म्हणेल की हे सारे मला माहीतच आहे. त्यालाही पाठवावे, कारण बहुधा त्याला स्वतःच्या आळीपलीकडचे माहीत नसते. केंद्राची वेळ या नोंदींवरून ठरवावी. एका गावी आम्ही पाच ते सातची वेळ घोषित करून मोकळे झालो आणि नंतर कळले की त्या दोन तासांत निम्मी मुले धारा काढण्याच्या कामात घरी अडकलेली असतात.

उरलेले तीन दिवस मैदानावर घालवावेत. तिघांनी आळीपाळीने एक एक खेळ घ्यावा आणि उरलेल्या दोघांनी, शेजारची दहा-पंधरा मुले जमवून, त्यांच्यासह तो खेळावा. येथे ज्या गोष्टी शिकायच्या त्या दिसायला किरकोळ आहेत. सूचना देताना उन्हाकडे तोंड आपले असावे, मुलांचे नव्हे. खेळाचा नियम मिनिटभरात सांगून एक डाव लटका खेळवावा आणि बारकावे मग सांगावेत. मुले मैदानात उतरण्यापूर्वी फक्की मारून झालेली असावी. मुले उभी आणि कार्यकर्ता रेघा ओढतोय, हे चित्र दिसले की पहिली भांडणे तेथेच सुरू होतात.

गडी वाटण्याची पद्धत मात्र मुद्दाम शिकवावी. दोन नायक निवडून त्यांनी एकेक गडी मागून घ्यायचा, ही पद्धत शाळांनी रूढ केली आणि तिच्यात शेवटी उरलेल्या मुलाचा सर्वांसमक्ष पाणउतारा होतो, तोही रोज. आपल्याकडची जुनी रीत यापेक्षा पुष्कळ शहाणी होती : सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडीने बाजूला जायचे, एकाने चंद्र आणि दुसऱ्याने सूर्य अशी गुपचूप नावे घ्यायची आणि परत येऊन नायकांना विचारायचे की कोणाला काय हवे. संघ समतोल होतात आणि शेवटी कोणी उरत नाही. बी.पी.एड. अभ्यासक्रमात ही रीत शिकवतात की नाही, मला शंका आहे.

याच ओघात आपल्या बी.पी.एड. कार्यकर्त्याविषयी एक सावधगिरी सांगतो. त्याला खेळ नियमाप्रमाणे शिकवण्याची सवय असणार आणि स्पर्धेसाठी ती योग्यच आहे. परंतु नियमानुसार खो-खो खेळवला, तर पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ आणि बचाव करणारे तीन असे बाराच जण एका वेळी मैदानात असतात आणि त्यांतले प्रत्यक्षात धावतात ते चारच. केंद्रात चौतीस मुले आली असतील, तर तीस मुले बसून राहिली, असा त्याचा हिशेब होतो. म्हणून खेळ मोडून पुन्हा बांधण्याचा सराव त्याला द्यावा : बसत्या खो-खोऐवजी गोलात जोड्या उभ्या करून उभा खो-खो, लंगडीची दोन छोटी मैदाने, बाद झालेल्याला ठरावीक वेळाने परत घेण्याचा नियम. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या ताईंना मुलांशी बोलता चांगले येईल, पण मैदानाचा संकोच वाटण्याचा संभव आहे; त्यांना शिट्टी पहिल्याच दिवशी द्यावी, अन्यथा त्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या होऊन बसतील. तिघांपैकी माझा भरवसा कबड्डीवाल्या मुलावर अधिक आहे, कारण गावातील मुले त्याच्या मागे येतील. मात्र त्याला स्वतः जिंकण्याचा मोह आवरायला शिकवावे लागेल. मुलांबरोबर खेळताना चढाईला जाऊन पाच गडी मारून येणारा दादा टाळ्या मिळवतो, पण त्या दिवशी नवख्या मुलाच्या वाट्याला एकही चढाई येत नाही.

दररोजची शेवटची दहा मिनिटे गोलात बसण्यासाठी राखून ठेवावीत. तेथे उपदेश करू नये. आज कोणता डाव रंगला, कोठे रडीचा डाव झाला, उद्या काय बदलायचे, एवढे तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे येईपर्यंतची शांतता सोसावी. ही शांतता सोसणे नव्या कार्यकर्त्याला फार जड जाते; तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मुले गेल्यावर प्रत्येकाने वहीत तीन-चार ओळी लिहाव्यात : आज कोण नवे आले, कोण अर्ध्यातून निघून गेले, कोण दिवसभर बोललेच नाही. शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात दुसरे काही न करता या वह्या मोठ्याने वाचाव्यात आणि पुढील आठवड्याची आखणी करावी. आपल्याला वक्ता बोलवायचाच असेल, तर या बैठकीत तिसऱ्या महिन्यात बोलवावा. तोपर्यंत त्याला विचारण्यासारखे प्रश्न कार्यकर्त्यांकडे जमलेले असतील.

प्रश्न : आमच्या केंद्रात सुरुवातीला वीस मुली येत होत्या. दोन महिन्यांत त्या चारवर आल्या. कार्यकर्ते प्रामाणिक आहेत, मुलींशी चांगले वागतात. प्रशिक्षणात काय कमी राहिले असावे? (एक कार्यकर्ती, परभणी)

उत्तर : चांगले वागणे पुरेसे असते, तर मुली गळाल्या नसत्या. मैदानाचा मधला भाग कोणाच्या ताब्यात आहे, हे आपण एक आठवडा पाहावे. बहुतेक केंद्रांत क्रिकेट खेळणारे मोठे मुलगे मधली जागा व्यापतात आणि मुली भिंतीलगत रिंग टाकत उभ्या राहतात. कोणी त्यांना हाकललेले नसते, तरी जागा गेलेली असते. पूर्ण मैदान ठरावीक वाराला आणि ठरावीक वेळेला मुलींचे, हा नियम करणे आणि पहिले महिनाभर मुलांची कुरकूर ऐकून घेत तो टिकवणे, हा कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. तो न शिकलेला दादा तिसऱ्या दिवशी नमते घेतो.

दुसरी गोष्ट घरी जाण्याची. मुलगी येईनाशी झाली की तिच्या मैत्रिणीकडे निरोप धाडून भागत नाही. ताईने किंवा दादाने (शक्यतो दोघांनी मिळून) घरी जावे, आईशी आणि आजीशी बोलावे. या भेटीचा सराव प्रशिक्षणात नाटकासारखा करून घ्यावा : एकाने आजी व्हावे, एकाने कार्यकर्ता. आजी विचारते, ‘अंधार पडल्यावर पोरीला घरी सोडणार कोण?’ याचे उत्तर तयार नसलेला कार्यकर्ता प्रत्यक्ष भेटीत ‘काळजी करू नका’ म्हणतो आणि तेथेच विषय संपतो. उत्तर ठोस असावे : हिवाळ्यात मुलींची वेळ सहाला संपेल, अमुक गल्लीपर्यंत पाच जणी एकत्र येतील, ताई सोबत असतील.

स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, तेथे पाणी आणि झाकणाची बादली आहे का, हे पुरुष कार्यकर्त्यांनाही तपासता आले पाहिजे आणि त्याविषयी न लाजता बोलता आले पाहिजे. मासिक पाळी, वयात येणे, आकर्षण हे विषय कार्यकर्त्यांनी आधी स्वतःसाठी समजून घ्यावेत. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून तरुण मुलामुलींशी या विषयांवर उघडपणे बोलण्याची जी वाट घालून दिली, ती आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावी. आणि एक विनंती : मुलींची संख्या वाढावी म्हणून मेंदी आणि रांगोळीचे वर्ग काढू नयेत. ज्या मुलीला मेंदी हवी तिला ती घरीही मिळते. धावायला जागा मात्र तिला दुसरीकडे नाही. लेझीम, दोरीचा मल्लखांब, लंगडी यांपासून सुरुवात करून पाहावी.

प्रश्न : मुले कार्यकर्त्यांवर विश्वास टाकून घरातील गोष्टी सांगतात. एका मुलाने आमच्या दादाला गंभीर स्वरूपाची गोष्ट सांगितली आणि ‘कोणाला सांगू नका’ अशी शपथ घातली. अशा वेळी कार्यकर्त्याने काय करावे, हे आम्ही कधी शिकवलेच नव्हते. (एका संस्थेचे विश्वस्त, ठाणे जिल्हा)

उत्तर : हा भाग केंद्र उघडण्यापूर्वीच शिकवायचा असतो आणि तो ऐच्छिक नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, म्हणजेच पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्या प्रत्येक व्यक्तीवर स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते. ‘आधी आपापसांत चौकशी करू, संस्थेचे नाव जाईल’ असे बैठकीत म्हणणाऱ्या विश्वस्ताला ही तरतूद वाचून दाखवावी.

तेव्हा कार्यकर्त्याने शिकायचे पहिले वाक्य असे : ‘तू सांगतोस ते मी नीट ऐकीन, पण तुला सुरक्षित ठेवण्यासाठी कोणाला सांगावे लागले, तर ते मी तुला सांगूनच करीन.’ शपथ घ्यायची नाही, ही यातली गोम आहे. त्यानंतर ऐकावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, ‘तू तेव्हाच का सांगितले नाहीस’ असे तर चुकूनही म्हणू नये, मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत आणि केंद्रप्रमुखास तत्काळ कळवावे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी अशा वेळी उपयोगी पडते. केंद्रप्रमुखास कळवल्याने कार्यकर्त्याची स्वतःची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, हेही त्याला ठाऊक असावे. मुलाची ओळख पटेल असे काहीही व्हॉट्सॲपच्या गटात जाता कामा नये, अगदी कार्यकर्त्यांच्या गटातही नाही.

हे वाक्य कागदावर सोपे वाटते. प्रशिक्षणात ते जोडीने बसून, एकाने मूल होऊन, दहा वेळा म्हणवून घ्यावे. माझ्या अनुभवात पहिल्या दोन-तीन खेपांना जवळपास प्रत्येक जण ‘अरे, मी कोणाला नाही सांगत’ असे बोलून जातो, आणि तेही प्रेमापोटी.

त्याच दिवशी केंद्राचे वागण्याचे नियमही ठरवून त्यांवर सह्या घ्याव्यात. एकट्या मुलाशी बोलायचे असेल, तर ओसरीवर, दिसेल अशा जागी बसून बोलावे. बंद खोलीत नव्हे. मुलांना रात्री वैयक्तिक संदेश पाठवू नयेत. उठाबशा, कोंबडा, कान पिळणे या शिक्षा केंद्रात नाहीत, हे लेखी असावे. शिक्षेचा विषय निघाला म्हणून सांगतो : कॅरममध्ये लबाडी करणाऱ्या एका मुलाला मी आठ दिवस खेळण्यास मनाई केली होती. न्याय झाला, असे मला वाटले. नववा दिवस उजाडला, पण तो मुलगा पुन्हा केंद्राकडे फिरकला नाही. आता मी कार्यकर्त्यांना सांगतो की मनाई त्याच दिवसापुरती आणि उद्याचे आमंत्रण आजच द्यावे.

मैदानावरील दुखापतींसाठी प्रत्येक कार्यकर्त्याने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावे. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे वर्ग यासाठी चांगले. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, घरच्यांना कळवावे आणि उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट ऐकू येताच खेळ थांबवून मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे. झाडाखाली उभे करू नये.

प्रश्न : या कामासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे का? आमच्या कार्यकर्त्यांना प्रमाणपत्राची अपेक्षा आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रमाणपत्राची अपेक्षा रास्त आहे, कारण हा कार्यकर्ता उद्या दुसरीकडे अर्ज करणार असतो. समाजकार्याची पदवी, शारीरिक शिक्षणाची पदवी आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग, हे मार्ग आहेत. युवक-विकासाचे स्वतंत्र उच्च शिक्षण श्रीपेरुंबुदूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थेत मिळते. अमरावतीच्या, १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहेत. ब्रिटनमध्ये युवक-सेवेविषयीच्या १९६० च्या आल्बमार्ल अहवालानंतर लेस्टर येथे युवक-कार्यकर्त्यांसाठी वर्षभराच्या अभ्यासक्रमाचे स्वतंत्र राष्ट्रीय महाविद्यालय निघाले. आपल्याकडे तसा वेगळा पेशा अजून रुजलेला नाही. त्यामुळे संस्थेनेच कामाचे तास, शिकलेली कौशल्ये आणि घेतलेले खेळ यांची नोंद असलेले अनुभवपत्र द्यावे. ‘समाधानकारक काम केले’ अशा एका ओळीच्या दाखल्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

प्रश्न : आम्ही मेहनतीने कार्यकर्ता तयार करतो आणि आठ-दहा महिन्यांत तो पोलीस भरतीला किंवा पुण्याला कंपनीत निघून जातो. दरवेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते. (एका केंद्राच्या संचालिका, जि. कोल्हापूर)

उत्तर : तो भरतीत निवडला गेला असेल, तर पेढे घ्यावेत. अडचण खरी आहे, परंतु तिचा काही भाग आपल्या हातातला आहे. मानधन दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळते का? अनुदान आले नाही म्हणून तीन-तीन महिने मानधन अडले असेल, तर उत्तम प्रशिक्षणही माणसाला थांबवू शकत नाही, आणि थांबवू नये.

उरलेला भाग व्यवस्थेचा आहे. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा चालवल्या, त्या पगारी माणसांच्या बळावर नव्हे. शाखेत खेळायला आलेला मुलगा काही वर्षांनी छोट्या गटाचे खेळ घेऊ लागे, शिबिराला जाई आणि पुढे स्वतः शाखा चालवी. गाणे येणारा कलापथकात जाई. निळू फुले आणि राम नगरकर याच कलापथकाच्या वाटेने पुढे आले. म्हणजे कार्यकर्ता बाहेरून आणण्याऐवजी तो केंद्रातच वाढत असे. आपल्याकडेही पंधरा-सोळा वर्षांची चार-सहा मुले अशी असतील की जी आत्ताच लहान मुलांच्या भांडणात मधे पडतात आणि चेंडू मोजून आत ठेवतात. त्यांना गटनायक करावे. आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, दहा-बारा मुलांचा एक खेळ त्यांनी घ्यावा. कार्यकर्त्याने बाजूला उभे राहून पाहावे, मधे पडू नये आणि नंतर दोनच गोष्टी सांगाव्यात, एक जमलेली आणि एक सुधारायची. मात्र लहान मुलांची सुरक्षितता, किल्ल्या आणि पैसे यांची जबाबदारी अठरा वर्षांखालील गटनायकावर टाकू नये, आणि दहावी-बारावीच्या वर्षी त्याला मोकळे करावे, नाहीतर त्याचे वडील आपल्या दारात येतील व त्यांचे म्हणणे बरोबर असेल.

जाणाऱ्या कार्यकर्त्याने शेवटचे पंधरा दिवस नव्या माणसाबरोबर काम करावे, ही अट नेमणुकीच्या पत्रातच घालावी. पहिला आठवडा जुना खेळ घेईल आणि नवा पाहील. दुसरा आठवडा उलट. त्याची वही केंद्राकडेच राहावी. नव्या माणसाने ती वाचून काढली, तर कोणत्या मुलाला दम लागतो, कोणत्या दोघांना एका संघात घालू नये आणि कोणत्या मुलीच्या घरी दर महिन्याला एकदा चहाला जाऊन यावे लागते, एवढे तरी त्याला पहिल्या सोमवारी ठाऊक असेल.